तिकोनी बटव्यासाठी मियुकी डेलिका, अकरा नंबर: पैसे कुठे घालावेत आणि कुठे नाही

मण्यांचा बटवा म्हटला की आपल्याकडे रुखवतातला बटवा आठवतो. तंगुसावर गुंफलेले प्लॅस्टिकचे चकचकीत मणी, चार-चार मण्यांची घरं, आणि हातात घेतल्यावर आकार सोडणारं अंग. हे परीक्षण ज्या बटव्यासाठी केलं आहे तो वेगळा आहे. पेयोटी टाक्याने विणलेले दोन त्रिकोण, त्यांच्या दोन कडा एकमेकींत अडकवून बंद केलेल्या, तिसरी कड उघडी ठेवून तिथे तोंड. एक कड साधारण सव्वापाच सेंटीमीटर. नथ, कुड्यांचा जोड किंवा दहा रुपयांची चार-पाच नाणी मावतील एवढाच जीव. टाका सोपा आहे, शिकायला एक दुपार पुरते. पण हा बटवा मण्यांची परीक्षा घेतो. मणी लहानमोठे असतील तर विणताना फारसं जाणवत नाही. शेवटची शिवण घालायला बसलं की कडा एकमेकींत बसत नाहीत, आणि तोवर हजारभर मणी विणून झालेले असतात.

म्हणून इथे मियुकी या जपानी कंपनीचे डेलिका मणी, नंबर ११/०, या एकाच कामाच्या कसोटीवर पाहिले आहेत. दोरा आणि सुईही सोबत घेतली आहे, कारण उत्तम मणी वाईट दोऱ्यात ओवले तर बटवा वाईटच होतो. मत आधीच सांगून टाकतो: बटव्याच्या अंगासाठी डेलिका घ्याच. गोंड्यासाठी आणि जाळीच्या कामासाठी त्यावर पैसे घालू नका.

आता कारणं. आपली नेहमीची काचेची पोत कडेने गोलसर असते. डेलिका नळीच्या तुकड्यासारखा असतो: बाहेरून सुमारे १.६ मिलिमीटर, लांबी १.३ मिलिमीटर, आणि भोक सुमारे ०.८ मिलिमीटर. म्हणजे अर्धा मणी तर भोकच. काच पातळ, दोन्ही टोकं सपाट. पेयोटीत मणी विटांसारखे अर्ध्या-अर्ध्या सरकून बसतात, आणि वीट जितकी सरळ तितकी भिंत सरळ. गोल पोत शेजारच्या खळग्यात कमी-जास्त रुतते, त्यामुळे रंगाची रेघ लाटेसारखी दिसते. डेलिकात तीच रेघ पट्टीने आखल्यासारखी येते. भौमितिक नक्षीत रेघच तर सगळं काही असते.

मोठ्या भोकाचा फायदा उशिरा कळतो. एका मण्यातून दोरा विणताना दोनदा जातो, शिवणीत तिसऱ्यांदा, टोक मुरवताना चौथ्यांदा. बाजारातल्या पोतीत तिसऱ्या वेळेलाच सुई अडते, मग ओढाताण, मग मणी फुटतो. डेलिकात चार वेळा बारीक दोरा आरामात जातो.

एका ग्रॅमला सुमारे २०० मणी बसतात. हा आकडा लक्षात ठेवला की खरेदी नेमकी होते. इथे दिलेल्या बटव्याला १,४३४ मणी लागतात, बंद करायचा फासा वेगळा; म्हणजे सव्वासात ग्रॅम. फुटणारे, हरवणारे, निवडून टाकायचे धरून नऊ ग्रॅम आणा.

विणकामाचा हिशोब असा. पहिल्या फेरीत तीन मणी ओवून गाठ मारून वाटोळं करायचं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक दोन मण्यांच्या मधे दोन-दोन मणी: एकूण सहा. या तीन जोड्या म्हणजे त्रिकोणाचे तीन कोपरे. तिसऱ्या फेरीपासून नियम एकच: कोपऱ्याच्या जोडीच्या मधे दोन मणी, आणि बाजूच्या प्रत्येक खाचेत एक मणी. तिसरी फेरी नऊ मण्यांची, चौथी बाराची, पुढे दर फेरीला तीन वाढत जातात. पडताळा सोपा आहे: फेरीचा नंबर जितका, तितकेच मणी त्रिकोणाच्या एका बाजूला. बाराव्या फेरीत एका बाजूला बारा दिसायला हवेत, दोन्ही टोकांचे कोपरे धरून. अकरा दिसले तर एक खाच सुटली आहे, तेरा दिसले तर एका खाचेत दोन गेले आहेत. दर दोन फेऱ्यांनी मोजा. सहा फेऱ्यांनंतर सापडलेली चूक उसवण्यात तास जातो.

आता या बटव्यातली खरी मेख. दोन्ही त्रिकोण सारखे विणायचे नाहीत. एक वीस फेऱ्यांचा, दुसरा एकोणीस फेऱ्यांचा. वीस फेऱ्यांच्या त्रिकोणाच्या बाजूवर वीस मणी दातांसारखे वर आलेले असतात आणि त्यांच्या मधे एकोणीस खाचा असतात. एकोणीस फेऱ्यांच्या त्रिकोणाचे एकोणीस दात त्या खाचांत नेमके बसतात. सुई एकदा इकडच्या दातातून, एकदा तिकडच्या दातातून नेत गेलं की कड झिपसारखी मिटते आणि शिवण शोधूनही सापडत नाही. दोन्ही त्रिकोण वीस-वीसचे विणले तर दातासमोर दात येतो, ओढून बसवल्यावर एका टोकाला एक मणी उरतो आणि कोपरा फुगतो. बटव्याचं तोंड वाकडं झाल्याची तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. खापर मात्र मण्यांवर फुटतं.

रंग तीनच घेतले तर पुरे, आणि तेही वरून मुलामा नसलेले, साधे अपारदर्शक. डेलिकाचा प्रत्येक रंग नंबराने ओळखला जातो: काळा डीबी १०, पांढरा डीबी २००, लाल डीबी ७२३. पहिल्या सहा फेऱ्या लाल, सातवी-आठवी पांढरी, नऊ ते सोळा काळ्या, सतरा-अठरा पांढऱ्या, एकोणीस-वीस लाल. मोठ्या त्रिकोणाचे एकूण ६३० मणी, लहानाचे ५७०. शिवण मिटल्यावर दोन्ही कडांना तीन-तीन फेऱ्यांची लाल किनार दिसते. तोंडाच्या सहा फेऱ्या काळ्या. लाल ३००, पांढरे ३००, काळे ८३४: म्हणजे दीड, दीड आणि सव्वाचार ग्रॅम. लाल-पांढऱ्याची पाच ग्रॅमची एक-एक पुडी, काळ्याची दहा ग्रॅमची. उरलेल्या काळ्यात गळ्यातला बारीक सर होतो.

तोंडाबद्दल थोडं सविस्तर, कारण नक्षी इथे बिघडते. दोन कडा मिटल्यावर उघड्या कडेला पुढे वीस आणि मागे एकोणीस असे ३९ दात राहतात. त्यावर गोल फिरत दर खाचेत एक मणी, फेरीला ३९. हा आकडा विषम आहे. एक काळा, एक लाल अशी आलटून-पालटून फेरी घालायला गेलात तर शेवटी दोन सारखे रंग शेजारी येणार, कितीही काळजी घेतली तरी. ज्यांना पट्टा हवाच आहे त्यांनी तीनच्या पटीत विचार करावा: दोन काळे, एक लाल, तेरा वेळा. ते नेमकं बसतं. सहा फेऱ्यांची मान सुमारे पाच मिलिमीटर उंच होते, अस्तराची कड झाकायला तेवढी हवीच.

प्रत्येक फेरीच्या शेवटी वर चढणं, ज्याला स्टेप-अप म्हणतात, ते चुकवायचं नाही. फेरीतला शेवटचा मणी घातला की सुई आधीच्या फेरीच्या मण्यातून जाते, आणि लगेच याच फेरीच्या पहिल्या मण्यातूनही वर काढावी लागते. हे विसरलं की फेरी बंद होण्याऐवजी गोगलगाईच्या शंखासारखी चढत जाते, आणि सातव्या-आठव्या फेरीत पांढरा पट्टा तुटलेला दिसतो. डेलिकाचा इथे एक छोटा तोटा आहे. मणी इतके सारखे की फेरीचा पहिला मणी कोणता हे डोळ्यांना कळत नाही. काळ्या पट्ट्यात तर अजिबात नाही. पहिल्या मण्यात रंगीत दोऱ्याचा बोटभर तुकडा अडकवून ठेवा, प्रत्येक फेरीत तो वर सरकवत न्या.

हाताचा ताण किती असावा हे मण्यावरच दिसतं. उजेडासमोर त्रिकोण धरा. कोपऱ्यात जोडीच्या मधे दोऱ्याची चकाकणारी रेघ दिसली तर कोपरा ढिला आहे. पुढच्या फेरीत दोन मणी घालण्याआधी दोरा अंगठ्याने दाबून ओढा. मधला भाग वाटीसारखा खोल झाला तर ताण जास्त आहे. किंचित वाकणं मात्र दोष नाही, या टाक्याचा तो स्वभाव आहे, आणि बटव्यासाठी सोयीचाच: दोन्ही उथळ वाट्या तोंडाला तोंड लावून मिटल्या की आत पोट तयार होतं. एक वाटी उलटी लागली तर बटवा चपटा होतो, नाणंसुद्धा जात नाही.

दोऱ्याचं सांगतो. तंगूस नको. तो ताठ असतो, रिळावरचं वेटोळं विसरत नाही, गाठ सुटते, आणि काही वर्षांनी पिवळा पडून तडकतो. रुखवतातले जुने बटवे मणी गळून जातात ते बहुधा यामुळे. सुती दोरा दमट हवेत कुजतो, कोकणात आणि मुंबईत लवकर. फायरलाइन हा दोरासुद्धा मूळचा मासेमारीचाच, बर्कली कंपनीचा, पण तो बारीक धागे एकत्र करून बनवलेला असतो आणि ताणला जात नाही. सहा पौंडी घ्या, जाडी सुमारे ०.१५ मिलिमीटर. राखाडी रंगाचा फायरलाइन हाताला आणि पांढऱ्या मण्यांना काजळी लावतो. वापरण्याआधी कागदी रुमालातून दोन-तीनदा ओढून काढा, किंवा या नक्षीसाठी सरळ पांढरा म्हणजे क्रिस्टल घ्या. तो वापरता वापरता जरा मळतो, पण मणी काळवंडत नाहीत. मियुकीचा स्वतःचा नायलॉन दोरा आणि तोहो या दुसऱ्या जपानी कंपनीचा वन-जी दोन्ही मऊ आहेत, रंगही भरपूर मिळतात, मात्र ते ताणले जातात. ओवण्याआधी हातभर-हातभर ओढून घेतला नाही तर महिन्याभरात बटवा सैल पडतो. आमची निवड: अंगाला फायरलाइन, अस्तर शिवायला नायलॉन.

सगळ्या बटव्याला सहा मीटर दोरा पुरतो. एका वेळी दीड मीटरपेक्षा लांब घेऊ नका, गुंता होतो. संपत आला की वीतभर शिल्लक असताना नवा जोडा: जुनं टोक विणलेल्या भागात दोन-तीनदा दिशा बदलून मुरवायचं, नवंही तसंच आणायचं. मण्यांच्या मधे गाठ मारली तर ती भोक अडवते आणि शिवणीच्या वेळी तिथेच सुई अडते. फायरलाइन चांगल्या कात्रीने कापू नका, धार जाते. जुनी कात्री किंवा नेलकटर ठेवा. सुईत ओवण्याआधी दोऱ्याचं टोक चिमट्याने चपटं करा, नाहीतर नेढ्यात शिरत नाही.

सुई बारा नंबरची. दहाची विणताना चालते, शिवणीला जाड पडते. ब्रिटिश जॉन जेम्सच्या सुया लवचीक आहेत, लवकर वाकतात, आणि वाकलेली सुई या कामाला उलट बरी पडते. जपानी ट्यूलिपच्या सुया सरळ राहतात, नेढं गुळगुळीत असतं, महाग आहेत. एका बटव्यासाठी साध्या सुया पुरतात.

आता डेलिकाचे दोष. पहिला रंगांचा. सगळे डेलिका सारखे टिकत नाहीत. काचेतच रंग असलेले अपारदर्शक मणी वर्षानुवर्षं तसेच राहतात. वरून रंगवलेले, विशेषतः गुलाबी आणि जांभळ्यातले काही, उन्हात उडतात. पाच-सहा मणी नेलपॉलिश काढायच्या द्रवात भिजवलेल्या पांढऱ्या कापडावर घासून पाहा. कापड रंगलं तर त्या रंगाचा बटवा करू नका. धातूचा मुलामा असलेल्या गॅल्व्हनाइज्ड मण्यांचा मुलामा घामाने आणि घासण्याने जातो, आणि बटव्याचं तोंड तर सतत बोटांत असतं. सोनेरी हवंच असेल तर ड्युराकोट असं लिहिलेले घ्या, ते बरेच जास्त टिकतात.

दुसरा दोष मापाचा, आणि हे अनेकांना माहीत नसतं. एकाच नंबराच्या डेलिकातही मुलाम्याप्रमाणे माप किंचित बदलतं. मॅट मणी जरासा लहान असतो, जाड मुलाम्याचा जरासा मोठा. एका मण्यात तो फरक दिसत नाही, वीस फेऱ्यांत दिसतो. एक त्रिकोण मॅट आणि एक चकचकीत असा बटवा विणला तर कडा लांबीला जमत नाहीत. दोन्ही त्रिकोणांत त्याच फेऱ्यांना तेच मणी, हा नियम पाळा. तोहो कंपनीचे ट्रेझर नावाचे नळीदार मणीही उत्तम आहेत, पण डेलिकात मिसळू नका. त्यांचं माप थोडं वेगळं आहे. अख्खा बटवा ट्रेझरमध्ये विणा, काही बिघडत नाही.

तिसरा दोष म्हणजे किंमत. आपल्या पोतीच्या कितीतरी पट. म्हणूनच वजनाचा हिशोब करून घ्यायला सांगतो आहोत. डेलिकासारखे म्हणून सुटे विकले जाणारे स्वस्त नळीदार मणीही बाजारात दिसतात. पुडीवर डीबी नंबर नसेल तर तो डेलिका धरू नका. त्यात तिरके कापलेले, तोंड आवळलेले मणी निघतात, आणि तिरक्या मण्याची धार दोरा कापते.

डेलिकातही क्वचित एखादा रुंद किंवा अर्धवट मणी येतो. मखमलीच्या तुकड्यावर मणी पसरून सुईच्या टोकाने उचलताना तो बाजूला ठेवायचा, फेकायचा नाही. फेरीत जागा जरा मोठी पडली तर तिथे रुंद मणीच कामी येतो. चुकून जास्तीचा मणी विणला गेला आणि उसवायचं नसेल तर तो फोडता येतो, पण पक्कडीने बाहेरून दाबून नाही. तसं केलं तर काच आत शिरते आणि दोरा कापते. भोकात जाड सुई किंवा टोच्या घालून आतून दाब द्यायचा, मणी बाहेरच्या बाजूला फुटतो. डोळ्यांवर चष्मा हवा, नसेल तर बटवा कापडाखाली धरून फोडा.

देशी पोत कुठे चालते? खालच्या टोकाच्या गोंड्यात, मनापासून. मुंबईत भुलेश्वरला, पुण्यात रविवार पेठेत वजनावर मिळणारी पोत लोंबत्या सरांत सुंदर दिसते. तिथे मणी लहानमोठा असला तर सर जिवंत वाटतो. सौराष्ट्रातल्या मोतीभरत या मणीकामाची जाळीदार वीणही लहानमोठे मणी पोटात घेते. पेयोटी तेवढी दिलदार नाही. नाव या टाक्याला उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या पेयोटी निवडुंगाच्या विधींवरून मिळालं, त्या विधींतल्या वस्तू याच टाक्याने सजवत. वीण मात्र त्याहून जुनी आहे, प्राचीन इजिप्तच्या मणीकामात ती दिसते.

बटव्याच्या तळाला दोन शिवणी भेटतात तिथे बारीक भोक राहतं. ते बुजवायला एक मणी टाका किंवा गोंड्याचा दोरा तिथूनच काढा. बंद करायला पुढच्या बाजूला सहा मिलिमीटरचा काचेचा मणी, दोन-तीन डेलिकांच्या देठावर बसवलेला, आणि मागून सतरा डेलिकांचा फासा. पंधराचा फासा मोजमापाने पुरतो, पण अस्तर घातल्यावर आवळतो. फाशातून दोरा निदान तीनदा फिरवा, बटवा सगळ्यात आधी तिथेच तुटतो.

नथ ठेवायची असेल तर अस्तर हवंच, मोत्यांना काचेचं घासणं सोसत नाही. खणाच्या कापडाचे सव्वासहा सेंटीमीटर कडेचे दोन त्रिकोण कापा, दोन बाजू शिवून तोंडाची कड आत दुमडा आणि मानेच्या तिसऱ्या फेरीला लपवून टाचा. जरीचा भाग आत येऊ देऊ नका, नथीची तार त्यात अडकते.

मोठा हवा असेल त्यांच्यासाठी: तीस आणि एकोणतीस फेऱ्यांचे त्रिकोण घ्या, कड सुमारे आठ सेंटीमीटर होते. दोन्हींना मिळून २,७०० मणी, साडेतेरा ग्रॅम. तोंडाला फेरीला ५९. हा आकडा तीननेही भागत नाही, म्हणून तिथे मान एकरंगीच ठेवा. बारीक कामाला डोळे साथ देत नसतील तर दहा नंबरचे डेलिका आहेत, २.२ मिलिमीटरचे. वीस फेऱ्यांतच कड सुमारे सात सेंटीमीटर होते, पण रंगांची निवड अकरा नंबरापेक्षा बरीच कमी आहे, तेव्हा तिन्ही रंग मिळतात का हे आधी पाहून मगच नक्षी ठरवा.